न्यूट्रलला खडखडणारी गाडी

जुनी मारुती आठशे रिव्हर्सला घातली की 'ऊंऽऽ' असा चढत जाणारा सूर निघायचा. गल्लीतल्या पोरांना तो पाठ असायचा; न बघता कळायचं, डॉक्टरांची गाडी मागं येतेय. तो बिघाड नव्हता. पुढं जाण्याच्या गिअरांचे दात तिरके कापलेले असतात, ते एकमेकांत सावकाश शिरतात. रिव्हर्सचे दात बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले असतात. अख्खा दात एकदम समोरच्या दातावर येतो आणि तो सूर लागतो. रिव्हर्स वापरायचा जेमतेम चार-पाच सेकंद, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण असलाच काही आवाज रोज कामाला जाता-येता ऐकायची वेळ आली तर? वारणानगरच्या एका मामा-भाच्यात या प्रश्नावरून बरेच महिने जुंपली आहे. दोघेही मला पंच मानतात, म्हणजे माझा निकाल दोघांनाही मान्य नसतो.

मामांनी उमेदीची वर्षं कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर वारणानगरला घर बांधलं. भाचा इथल्याच तात्यासाहेब कोरे इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकला. आता शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये आहे. फौंड्रीतून आलेली डिफरन्शियलची केसिंग आणि फ्लायव्हीलची कास्टिंग रोज त्याच्या हाताखालून जातात. तेव्हा हे भांडण अडाण्यांचं नाही, आणि म्हणूनच ते मिटत नाही.

गाडी सेकंड-हँड, 1.8 लिटरची टर्बो पेट्रोल सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिच्यात आता कंपनीचं फारसं काही उरलेलं नाही. भाच्यानं हलकं, एकसंध फ्लायव्हील बसवलं. इंजिनची रबरी माउंटिंग काढून पॉलियुरेथेनची कडक घातली. पुढच्या डिफरन्शियलमध्ये प्लेटांचं लिमिटेड स्लिप युनिट टाकलं. सायलेन्सरला मात्र त्यानं हात लावलेला नाही, आणि हे तो दर दहा मिनिटांनी सांगतो.

मामा : आरं मर्दा, आधी ती गाडी बंद कर. डब्यात खडं घालून हलवल्यागत वाजतंय.

भाचा : न्यूट्रलला वाजतेय, मामा. आता क्लच दाबतो. गेला का आवाज?

मामा : गेला.

भाचा : झालं तर मग. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंग म्हणालो असतो. क्लच दाबल्यावर गेला, म्हणजे इनपुट शाफ्ट थांबला आणि मोकळे गिअर आपटायचे थांबले. बिघाड काही नाही.

मामा : बिघाड हाय असं मी कुठं म्हटलं? मी म्हटलं, बंद कर.

भाच्याचं निदान बरोबर आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यातली एक जोडी शाफ्टला कुलूपबंद होते, बाकीच्या नुसत्या फिरत राहतात. न्यूट्रलला तर सगळ्याच मोकळ्या. आता चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा ढकलतं. आयडलला मिनिटाला 800 फेरे धरले तर सेकंदाला सुमारे 27 धक्के. क्रँक प्रत्येक धक्क्याला किंचित पुढं पळतो, किंचित मागं राहतो. मेकॅनिक ज्याला 'प्ले' म्हणतात ती दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असली तरी मोकळे गिअर त्या फटीत पुढंमागं आपटत राहतात. ती खडखड.

हे दाबायला कंपन्यांनी दोन वस्तुमानांचं फ्लायव्हील काढलं. दोन चकत्या आणि मध्ये कमानदार स्प्रिंगा. इंजिनाकडची चकती थरथरते, ती थरथर स्प्रिंगा खातात, गिअरबॉक्सकडची चकती बऱ्यापैकी एकसारखी फिरते. लुक या जर्मन कंपनीनं 1985 साली बीएमडब्ल्यूच्या गाड्यांसाठी ते बनवायला सुरुवात केली. आज चांगल्या डिझेल आणि टर्बो पेट्रोल गाड्यांत ते असतंच म्हटलं तरी चालेल. भाच्यानं हेच काढून टाकलं.

मामा : म्हंजे कंपनीनं डोकी खपवून जे दाबलं ते तू पदरचं पैसं घालून उघडं केलंस.

भाचा : जुन्याच्या स्प्रिंगा सैल झालेल्या. नवीन घ्यायचं तर मोठी रक्कम. त्याच पैशात हलकं आलं. आता जोतिबाच्या घाटात गिअर खाली टाकताना ॲक्सिलरेटर नुसता टेकवला की इंजिन वर येतं. आधी हाक मारली की विचार करून ओ द्यायचं.

मामा : घाट किती? आन् कोडोलीच्या बाजारात थांबून थांबून जायचं किती?

भाचा : पोर्शच्या काही गाड्या घेणारे हलक्या फ्लायव्हीलची हीच खडखड ऐकायला पैसे मोजतात. डुकाटीच्या सुपरबाइकला वर्षानुवर्षं ड्राय क्लच होता, उभी असली की नुसता खळखळाट. 2012 ला पानिगाले आली, क्लच ऑइलमध्ये गेला आणि जुने डुकाटीवाले हळहळले. तुमच्या बुलेटवाल्यांचं तरी काय? हायड्रॉलिक टॅपेट आल्यावर टकटक गेली तर म्हणाले, गाडीत जीव राहिला नाही.

मामा : डुकाटीवाला त्या गाडीवर दूध आणायला जातो काय रं?

हा प्रश्न मामांनी थट्टेनं टाकला असेल, पण माझ्या मते भाच्याची बाजू इथंच लंगडते. आवडीनं ऐकायचा आवाज आणि सोबत राहायचा आवाज यांत फरक आहे. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जो आवाज अंगावर काटा आणतो, तोच मंगळवारी संध्याकाळी वाठारला उसाच्या ट्रॅक्टरांमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरला तासभर ऐकायचा असतो. हंगाम सुरू झाला की आमच्याकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता व्यापून चालतात. तिथं कुणाचीही गाडी परफॉर्मन्सची राहत नाही. आणि हलक्या फ्लायव्हीलला नेमकं हेच सोसत नाही, सावकाश चालणं.

भाच्याचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता. तो यायला थोडा वेळ लागला.

भाचा : मामा, आता कंपन्या काय करतात ठाऊक आहे? आधी खरा आवाज गाडून टाकतात, मग खोटा वाजवतात. बीएमडब्ल्यूच्या 2011 च्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडला होता. गोल्फ जीटीआयला काचेखाली एक थरथरणारं यंत्रच बसवलेलं, आवाज वाढवायला. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या बघा, आवाज ए. आर. रहमाननं केलेत.

मामा : रहमाननं केलेत तर ब्येस हुतील की.

भाचा : ब्येस असतील. पण खरे नाहीत. माझा गिअरबॉक्स जे करतोय तेच मला ऐकू येतं. ॲक्सिलरेटर दिला की एक सूर, सोडला की दुसरा. प्लेटा कधी धरतात, टायर कधी सुटायला लागतो, सगळं कळतं. तुमच्या गप्प गाडीत माणूस ड्रायव्हर नसतो, पॅसेंजर असतो.

मामा : रहमानचं गाणं वाजलं म्हणून दात झिजत न्हाई.

भाचा : न्यूट्रलच्या खडखडीनंही झिजत नाही! तिथं लोडच नाही.

मामा : दातांचं सोड. ज्या थरथरीला स्प्रिंगा खात हुत्या ती आता कुठं जाती? इनपुटच्या स्प्लाइनवर, सिंक्रोवर. क्लच प्लेटीत तरी स्प्रिंगा हायत न्हवं?

भाचा : आहेत. स्प्रिंगवाली प्लेटच घेतलीय.

मामा : मग निम्मं शाणपण केलंस.

मोहित्यांच्या कोल्हापुरातल्या ट्रॅकचा विषय अर्थातच निघाला. कोल्हापुरात गाडीवर बोलायचं आणि रेसिंग काढायचं नाही, असं होत नाही. त्या ट्रॅकवर कार्टिंगच्या स्पर्धा होतात. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत जाऊन आला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अमिओ कपमध्ये धावला. त्या कपाच्या गाडीत 1.8 लिटरचं टर्बो इंजिन होतं आणि रेसिंगचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स. भाच्याचा सारा आदर्श तोच. रेसच्या गिअरबॉक्समध्ये सरळ दात वापरतात त्याला कारण आहे. तिरका दात फिरताना शाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेनं ढकलतो, तो रेटा बेअरिंगांना झेलावा लागतो. सरळ दात तसा ढकलत नाही. बदल्यात अख्खी गाडी शीळ घालत सुटते. रेसमध्ये ते कुणाला खुपत नाही.

मामा : हेल्मेट घालत्यात न्हवं? आन् कानात बोळं?

भाचा : घालतात.

मामा : आन् गिअरबॉक्स उघडून कवा बघत्यात?

भाचा : ठरलेल्या तासांनी. काही संघ प्रत्येक फेरीनंतर.

मामा : तू कवा उघडणार?

भाच्याकडं याला उत्तर नव्हतं. रेसचा गिअरबॉक्स तासांवर जगतो. पुढच्या वेळी तो उघडेल तेव्हा कुठला दात बघायचा हे मेकॅनिकला माहीत असतं. घरची गाडी वर्षांवर जगते, आणि आवाज येईपर्यंत तिचा गिअरबॉक्स कुणी उघडत नाही. आवाज पहिल्या दिवसापासूनच येत असेल तर मग उघडायचा कशावरून?

मामांचं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. साखर कारखान्याचं मिल हाऊस ज्यानं आतून पाहिलेलं नाही त्याला थोडं सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या मिलला वाफेचं टरबाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, आणि उसाचा रस काढणारा रोलर मिनिटाला चार-पाच. मधलं सगळं अंतर गिअर तोडतात: आधी बंद गिअरबॉक्स, मग माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी उघडी चाकं, शेवटी तिन्ही रोलर फिरवणारे क्राऊन पिनियन. गाळप सुरू झालं की काही महिने रात्रंदिवस थांबायचं नाही. मिल थांबली की मागं उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि शेतकऱ्याचा ऊस वाळत बसतो.

मामा : मोटारीचं काय घेऊन बसलास. आमच्या गिअरबॉक्सशेजारी उभं राहून बोललेलं ऐकू यायचं न्हाई, हाताच्या खुणा चालायच्या. पाळीवर गेलो की लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर, मूठ कानाच्या हाडाला. एकेक बेअरिंग. आवाज किती हाय ते आम्ही बघतच न्हवतो. कालच्यापेक्षा येगळा हाय का, एवढंच.

भाचा : मीही तेच सांगतोय की! आवाज म्हणजे माहिती.

मामा : न्हाई, तू ते सांगत न्हाईस. तू सांगतोस, सवय झाली. सवय झाली म्हंजे ऐकायचं थांबलं. मी रोज नव्यानं ऐकत हुतो, कारण त्याचा मला पगार हुता.

भाचा : माझ्याकडं स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा चांगलं हत्यार आहे.

त्यानं मोबाइल काढला. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण दोघंही भांडायचं विसरले. भाचा चौथ्या गिअरला ठरावीक वेगानं आवाज रेकॉर्ड करतो आणि एका ॲपवर त्यातले सूर वेगळे करून बघतो. हिशेब सोपा आहे. पिनियनला 15 दात असतील आणि तो मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 50 फेरे घेत असेल, तर दाताला दात सेकंदाला 750 वेळा भिडतो; आलेखात 750 वर शेंडा दिसतो. कुठल्या जोडीला किती दात हे माहीत असलं की कुठला सूर कुणाचा ते सांगता येतं. एखादा दात तुटला किंवा चाक केंद्रातून सरकलं तर त्या मुख्य शेंड्याच्या दोन्ही अंगांना छोटे शेंडे उगवतात, आणि त्यांच्यातलं अंतर शाफ्टच्या फेऱ्यांएवढं असतं. मामांनी चष्मा लावून तो आलेख बराच वेळ बघितला. आमच्या येळेला हे हुतं तर दोन मिलं वाचली असती, असं काहीसं पुटपुटले.

भाचा : आता बोला. माझा कान मेला तरी याचा मरत नाही.

मामा : तू गाडी काढ. वाठारपतुर जाऊन येऊ.

मी मागं बसलो होतो. कोडोली सोडल्यावर भाच्यानं गाडी जरा सैल सोडली. कडक माउंटिंगमुळं इंजिनाची घुमघुम थेट पत्र्यात उतरते. आरसा थरथरतो, मागच्या काचेतली गाडी एक की दोन तेच कळत नाही. मामा काही बोलले नाहीत. पायातल्या चपला काढून त्यांनी तळवे फरशीवर टेकवले आणि एक हात दाराच्या पत्र्याला लावला. दोन-तीन वळणं गेली.

मामा : डावीकडं वळलास की घुरघुर वाढती. उजवीकडं वळलास की कमी हुती. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय.

भाचा : मला काही ऐकू येत नाही.

मामा : मला बी येत न्हाई. पायाला कळतंय.

डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. उजवं बेअरिंग खराब असेल तर तेव्हाच ते ओरडतं. जुनी, साधी परीक्षा आहे, भाच्यालाही माहीत होती. दुसऱ्या दिवशी शिरोलीत बेअरिंग काढलं तर आतल्या कड्यावर खवले निघालेले. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये ती घुरघुर होतीच, खालच्या पट्टीत, माउंटिंगच्या घुमघुमीत बुडालेली. भाचा गिअरचे शेंडे शोधत होता म्हणून त्याला गिअरचे शेंडे दिसले.

मात्र भाच्याचा प्रतिवाद हलका नव्हता. मामांच्या जावयाची मोठी ऑटोमॅटिक गाडी आहे, आत बसलं की पंख्याचा आवाज मोठा वाटावा इतकी शांत. तिचंही बेअरिंग गेलं होतं आणि चाक हलायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागला नव्हता. ती शांतता सगळंच गिळते, चांगलं आणि वाईट. खडखडणाऱ्या गाडीत माणूस निदान कान टवकारून तरी बसतो, असं भाचा म्हणाला. मामा म्हणाले, जावई कान टवकारून बसत न्हाई ही जावयाची तऱ्हा, गाडीची न्हवं. मला हे उत्तर पटलं नाही. आवाज दाबणारी गाडी माणसाला बेफिकीर करते हे खरंच आहे.

मग भाचा नको ते बोलून गेला.

भाचा : मामा, तुम्हाला तसंही वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. माझ्या गिअरची शीळ तुम्हाला कशी कळणार?

मामा : येत न्हाई. म्हणूनच सांगतोय.

मामांचे कान तपासले तेव्हा आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा निघाला होता. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या कानात तो हमखास तिथंच सापडतो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. बोळे घालायचे की नाही हे त्या काळी ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असायचं आणि बोळे घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. आता नात 'सहा' म्हणाली की 'दहा' हे कळायला मामांना तिच्या तोंडाकडं बघावं लागतं. भाच्याच्या गाडीतला आवाज मिल हाऊसच्या जवळपासही जात नाही, त्यानं कुणाचे कान जाणार नाहीत, हे मामांनाही कबूल आहे. ते वेगळंच सांगत होते.

मामा : कान एका दिवसात न्हाई गेला. पयल्या वर्षी पाळीवरनं घरी आलो की डोकं वाजायचं. दुसऱ्या वर्षी वाजायचं थांबलं. मला वाटलं सवय झाली, मर्द झालो. ते बरं झालेलं न्हवतं, ते गेलेलं हुतं. तू म्हणतोस न्हवं, आता खडखड जाणवत न्हाई? कवापासनं जाणवत न्हाई, सांग.

भाच्याला तारीख सांगता आली नाही.

मामी इतका वेळ आत होत्या. त्यांचा या वादातला वाटा थोडा, पण ठाम आहे. पौर्णिमेला जोतिबाला जायचं ठरलं की त्या एसटीचं वेळापत्रक विचारतात. भाचा म्हणतो आवाज माझ्यापुरता आहे. फटफट सायलेन्सर लावून मध्यरात्री गल्ली उठवणाऱ्या पोरांसारखा मी नाही, त्यांचे सायलेन्सर पोलिस रोडरोलरखाली घालतात ते योग्यच करतात. मामी विचारतात, मग मी शेजारी बसते ती कोण? प्लेटांचं डिफरन्शियल अरुंद बोळात गाडी पूर्ण वळवताना कुरकुरतं आणि गाडी हिसके देते. वळणात आतलं चाक कमी फिरायला हवं, प्लेटा ते सहजासहजी होऊ देत नाहीत, धरतात-सुटतात, धरतात-सुटतात. घराच्या फाटकातून गाडी आत घेताना मामींच्या हातातलं पूजेचं ताट एकदा असं सांडलं आहे. तेलात घर्षण सुधारणारं औषध मिसळल्यावर ती कुरकुर बरीच गेली. भाच्यानं ते आधीच का केलं नाही, हा मामींचा प्रश्न, आणि मला तो सगळ्या इंजिनिअरिंगपेक्षा रास्त वाटतो. जो आवाज एका बाटलीनं जाणार, त्याच्यासोबत जगणं याला हौस म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आता माझा निकाल, जो कुणाला मान्य नाही तो. फ्लायव्हील राहू दे. न्यूट्रलची खडखड कुठून येते ते माहीत आहे, क्लच दाबून रोज तपासता येते, आणि घाटात भाच्याला त्याचा आनंद मिळतो, घेऊ दे. डिफरन्शियलही राहू दे, औषध घालून. माउंटिंग मात्र आजच्या आज रबरी घालावीत. फ्लायव्हीलचा आवाज काहीतरी सांगतो. कडक माउंटिंगचा आवाज काहीच सांगत नाही, तो फक्त बाकीचे आवाज बुडवतो. चाकाच्या बेअरिंगनं हे दाखवून दिलं. भाचा म्हणतो माउंटिंगमुळं गिअर बदलताना इंजिन डोलत नाही, दांडा नेमका पडतो. खरं आहे. पण तेवढ्यासाठी अख्ख्या गाडीला बहिरं करणं महाग पडतं. आणि रेकॉर्डिंग करायचंच, तर महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला, त्याच वेगानं, काचा बंद करून. आणि आलेख शेंड्यांपुरता न बघता मागच्या महिन्याच्या आलेखावर ठेवून बघायचा. मामा स्क्रू-ड्रायव्हरनं हेच करत होते.

भाच्यानं तीनपैकी दोन माउंटिंग बदललीत. तिसरं बदलायला सवड नाही म्हणतो. मामा म्हणतात, सवडीचा प्रश्न न्हाई, मान वाकवायचा हाय.

अशी कुणाच्या तरी हौसेनं सजलेली गाडी तुम्ही सेकंड-हँड घ्यायला निघाला असाल तर थोडं ऐकून घ्या. मालक रेडिओ लावेल, तो बंद करायला सांगा. न्यूट्रलला उभी करून क्लच सावकाश दाबा आणि सोडा. आवाज जातो की येतो ते बघा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक-टक आली तर एक्सेलचा सीव्ही जॉइंट झिजला असण्याचा संभव जास्त. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलतो का, आणि डाव्या-उजव्या वळणात घुरघुर बदलते का, हे दोन्ही वेगवेगळं ऐका. 'या गाडीला असाच आवाज असतो' असं मालक म्हणाला तर तो कधीपासून आहे ते विचारा. आणि काढून ठेवलेलं मूळ फ्लायव्हील आणि रबरी माउंटिंग मागून घ्या. भंगारात घातली असतील तर किमतीतून तेवढे पैसे कमी करायला सांगा.